उताराला तोंड करून

मुळशी खोऱ्यातला जुना ड्रायव्हर ओळखायचा असेल तर तो गाडी कुठे लावतो ते बघावं. आजची पोरं सावली बघतात, जुना गडी उतार बघतो. गाडीचं तोंड उताराला, पुढच्या चाकाला दगड, आणि दगड काढला की गाडी आपसूक निघावी असा सगळा बेत. आता त्याच्याकडे बटण दाबून चालू होणारी कोरी गाडी असली तरी पायांची सवय जात नाही. पौडात माझं सेल्फ-डायनमो दुरुस्तीचं दुकान आहे. सेल्फवर लोकांचा भरवसा नव्हता म्हणून माझं घर चाललं, हे आधीच सांगून टाकतो.

इंजिनाची मूळ अडचण अशी की त्याला स्वतःहून पहिला फेरा घेता येत नाही. पिस्टननं हवा-पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, मग ठिणगी पडायची, मग जोर मिळायचा. त्या आधीचा ओढण्या-दाबण्याचा खर्च बाहेरून कुणीतरी करावा लागतो. मोटार आली तेव्हा तो खर्च माणसाच्या दंडातून होत असे. बंपराखालच्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं, इंजिनाच्या दाताला अडकवायचं आणि खालून वर झटका द्यायचा. वर ओढायचं, खाली दाबायचं नाही, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा फटका देतं आणि हँडल हातावर येतं. डॉक्टरांच्या पुस्तकात मनगटाजवळच्या एका मोडीला आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, ती या हँडलची देणगी.

आपल्याकडे हँडल मालक मारत नसे, ड्रायव्हरही क्वचितच. ते काम क्लीनरचं. गाडी पुसणं, पाणी भरणं, चाकाला उटी लावणं आणि पहाटे हँडल मारणं, एवढ्यासाठी एक पोरगा गाडीवर लागायचा. त्याचा दंड हाच गाडीचा सेल्फ होता. पुढे सेल्फ आला तरी कित्येक वर्षं गाड्यांना हँडलचं भोक ठेवलेलं असे. अ‍ॅम्बॅसेडरला होतं, फियाटलाही होतं. कंपन्यांनाही आपल्या सेल्फबद्दल पुरती खात्री नसावी असं मला नेहमी वाटत आलंय.

विजेवर चालणारा खात्रीचा सेल्फ केला तो चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं, १९११ साली. कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँडचा बायरन कार्टर हा मित्र रस्त्यात बंद पडलेली एक मोटार सुरू करून द्यायला गेला, हँडल उलटून त्याच्या जबड्यावर बसलं आणि त्यातच तो पुढे गेला, अशी गोष्ट सांगतात. लेलँडनं मग हँडलच काढून टाकायचं मनावर घेतलं. तेव्हा जाणकारांचं म्हणणं असं होतं की एवढं इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे त्यानं गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही, क्षणभर फिरते आणि थांबते. थोडा वेळच काम असेल तर लहान मोटरवरही तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्यानं तिथे ओळखलं होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हीच अक्कल वापरून सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडलं.

गल्ल्याची ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगतो. चावी धरून मिनिटभर सेल्फ मारत राहणाऱ्याला वाटतं मोटर आहे, फिरेल की. पण ती पळायला केलेली नाही, उडी मारायला केलेली आहे. दहा सेकंद मारावा, मग थोडं थांबावं, आतलं तांबं निवू द्यावं. घराच्या दिव्याला अर्धा अँपियरही लागत नाही. साध्या कारचा सेल्फ इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपियर ओढतो. डिझेलला त्याहून जास्त, कारण डिझेल इंजिनात हवा पेट्रोलच्या मानानं दुपटीहून अधिक दाबावी लागते. मोठ्या ट्रकला म्हणूनच दोन बॅटऱ्या आणि चोवीस व्होल्ट.

अमेरिकेत सेल्फ रुजत होता तेव्हा आमच्या खोऱ्यात वेगळंच रण पेटायच्या बेतात होतं. मुळा-निळेच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीचं धरण व्हायचं होतं. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती झाले. १९२४ मध्ये लढा मोडला, धरण झालं, आणि १९२७ पासून इथलं पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. काठावरच्या वाड्यांत मात्र दिवे लागायला कैक वर्षं गेली. त्यामुळे खोऱ्यातल्या पुष्कळ माणसांनी वीज पहिल्यांदा बघितली ती कुणाच्या तरी मोटारीच्या दिव्यात. आमच्या आजोबांच्या बाबतीत तरी तसंच होतं.

खोऱ्यात खरी मोटार रुजली ती जीपमुळे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या विलीज जीपा लिलावात निघाल्या, आणि महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत जीप जोडायला घेतली. लष्करी विलीजचा सेल्फ पायानं मारायचा असे. अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी जमिनीवर एक बटण होतं, ते टाचेनं दाबलं की बॅटरीची जाडजूड वायर सरळ मोटरला जोडली जायची. मधे रिले नाही, काही नाही. साधेपणात ती फार उत्तम रचना होती. खोट एकच, बॅटरी सहा व्होल्टची. व्होल्ट निम्मे झाले की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, आणि करंट दुप्पट झाला की टर्मिनलवरची चिमूटभर पांढरी बुरशीही वाट अडवते. मुळशीच्या पावसाळ्यात, जिथे भिंतीलाही शेवाळ धरतं, तिथे बॅटरीच्या खुंटीला बुरशी धरणार नाही तर काय? जीप बंद म्हणजे बहुतेक वेळा मोटर ठीक, बॅटरीही ठीक, आणि मधल्या दोन बोटांच्या जागेत घाण. आजही दुकानात आलेल्या पहिल्या गाडीला मी उकळतं पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन जातो. निम्मी कामं तिथेच संपतात, आणि त्याचे पैसे मागायला जीभ अडखळते.

एसटी आली. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. पुढे ती खोऱ्याखोऱ्यांत पोचली. गावात रात्रीची मुक्कामी गाडी असे. थंडीत पहाटे डिझेल इंजिनाचं तेल काकवीसारखं झालेलं, बॅटरी गारठलेली, आणि सेल्फ एकदाच ‘खर्र’ करून गप्प. मग कंडक्टर खाली उतरायचा, दूधवाले किटल्या बाजूला ठेवायचे, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायासुद्धा मागे हात लावायच्या. ड्रायव्हर गिअर टाकून क्लच दाबून बसायचा आणि गाडी थोडी पळती झाली की क्लच सोडायचा. त्या वेळचं डिझेल इंजिन पूर्ण यंत्रावर चालायचं. पंप यंत्रानं चाले, ठिणगी लागत नसे. त्यामुळे बॅटरी अगदी मेलेली असली तरी चाकांनी इंजिन फिरवलं की ते पेटायचंच. पेट्रोलच्या गाडीला एवढं सुख नव्हतं, तिच्या कॉइलला ठिणगीपुरती तरी वीज लागे. धक्क्याचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण कोणती गाडी धक्क्याला येते आणि कोणती नाही हे सगळ्या गावाला पाठ होतं.

शहाणे ड्रायव्हर धक्क्याची वेळच येऊ देत नसत. पुण्याहून निघालं की चांदणी चौकाचा उतार, भूगाव-भुकूम, पिरंगुटचा घाट, मग पौड, माले, धरणाचा काठ, निवे, आणि शेवटी ताम्हिणी. या रस्त्यावर चहा कुठे प्यायचा ते चहावरून ठरत नसे. ज्या हॉटेलासमोर रस्ता जरा कलता, त्या हॉटेलाचा धंदा चाले. वडापच्या जीपवाल्यांचा थांबाही तसाच पडला. पौड रस्त्यावरचे काही जुने थांबे भलत्याच जागी का आहेत असं कुणी विचारलं तर मी त्याला तिथे पाण्याची बाटली आडवी ठेवायला सांगतो.

हँडल मात्र शेतात टिकलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये पुण्यात, खडकीला उभा राहिला, आणि नदीकाठच्या भाताच्या खाचरांवर त्यांची पाण्याची इंजिनं बसली. त्याला सेल्फ नाही. वर एक लहान दांडी. ती उचलली की झडप उघडी राहते आणि आतला दाब निघून जातो. हँडलनं चाक जोरात फिरवायचं, जड चाकानं वेग घेतला की दांडी पाडायची, आणि इंजिन ‘ढुक् ढुक्’ करत उठतं. दाब नसताना फिरवणं किती सोपं आणि दाब आल्यावर किती अवघड, हे ज्यानं एकदा त्या हँडलवर अनुभवलं त्याला सेल्फवर काय भार येतो ते वेगळं शिकवावं लागत नाही. मी तिथेच शिकलो, वडिलांच्या इंजिनावर.

धंदा शिकलो तो पुण्यात, नाना पेठेत. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मधल्या एका बोळात वस्तादांची टपरीवजा जागा होती. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन भंगारातली आर्मेचरं निवडायची, हे माझं पहिलं काम. वस्ताद पाना हातात घेऊ देत नसत. गाडी आली की म्हणायचे, “आधी दिवे लाव, मग सेल्फ मार, आणि सांग काय झालं.” या एका वाक्यात अर्धा धंदा आहे. सेल्फ मारल्यावर दिवे एकदम विझले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर वीज मोटरपर्यंत गेलीच नाही: चावीचा स्विच, रिले, सोलेनॉइड, नाहीतर आतले कार्बन. दिवे मंद झाले आणि मोटर कण्हली, तर वीज पोचली पण फिरणं जड झालंय.

मग आवाज. ‘कट्-कट्-कट्-कट्’ अशी माळ लागली तर बॅटरी. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं एवढा आवाज येतोय म्हणजे वीज आहे. सोलेनॉइडला आत ओढायला थोडी वीज पुरते. त्यानं संपर्क जोडला की मोटर सगळी वीज मागते, अशक्त बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, भार गेला की व्होल्टेज वर येतो, पुन्हा ओढतो. एकच ‘टक्’ झालं आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती जळालीय किंवा मोटर अडकलीय. ‘घुंईं’ असा रिकामा आवाज, इंजिन जागचं हलत नाही, तर सेल्फचं दातेरी चाक इंजिनाला जोडणारं बेंडिक्स गेलं. ‘करकर’ झाली तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाल्ले.

दातांची एक गंमत आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. दाब अडवतो तिथेच, म्हणजे ठरावीक दोन जागी थांबतं. त्यामुळे सेल्फचं दातेरी चाक कायम त्याच दोन जागी रिंगवर आदळतं आणि बाकीचे दात कोरेच राहतात. गाडी गिअरमध्ये टाकून जरा मागे-पुढे हलवली की इंजिन थोडं सरकतं, चांगले दात समोर येतात आणि सेल्फ घेतो. गावात याला कुणी भुताटकी म्हणे, कुणी गाडीचा स्वभाव. इंजिन खाली उतरवलेलं असलं की वस्ताद रिंग तापवून काढत, पाव फेरा फिरवून पुन्हा तापवून बसवत. निवली की घट्ट. नव्या रिंगचे पैसे वाचत.

मोटर उघडली की आत काजळी असते, ती कार्बनची. दोन लांब बोल्ट सोडले की मागचं झाकण निघतं. कार्बन स्प्रिंगच्या दाबानं तांब्याच्या पट्ट्यांवर घासत असतात. झिजून निम्मे झाले की स्प्रिंग पोचत नाही. अशा वेळी मोटरवर हातोडीची हलकी टपली मारली की कार्बन क्षणभर बसतो आणि गाडी चालू होते. ही टपली म्हणजे दुरुस्ती नव्हे, घरी पोचण्याची सोय. पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्यानं खरवडून जरा खाली घ्यायचा, पट्ट्या शून्य नंबर पेपरनं पुसायच्या. आर्मेचरच्या अंगावर एका बाजूला चकचकीत ओरखडा दिसला तर बुश झिजलंय, आर्मेचर आतल्या लोखंडाला घासतंय. नवं बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं आणि सकाळी ठोकायचं. गिऱ्हाईक घाई करतं, करू द्यावी.

ताम्हिणीतली एक गोष्ट माझ्या चांगली लक्षात आहे. आषाढातला पाऊस, समोरचं दिसत नाही, आणि वडापची एक जीप निव्याच्या पुढे बंद. सेल्फ कण्हतोय, दिवे मंद, बॅटरी महिन्यापूर्वीची. ड्रायव्हर म्हणाला, “दादा, चोकची वायर हाताला चटका देतीय.” तिथेच निदान झालं. इंजिन रबरांवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चॅसीशी जोडणारी एक वेणीसारखी अर्थची पट्टी असते. ती गंजून तुटली होती, आणि सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत चोकच्या बारक्या केबलमधून जात होता. तीच जळायची बाकी होती. बॅटरीची जादा वायर इंजिनाला आणि चॅसीला लावली, गाडी पहिल्या झटक्यात उठली.

एक धोका मात्र इथे लिहिलाच पाहिजे. सोलेनॉइडच्या दोन खुंट्यांना पाना लावून सेल्फ मारायची खोड ट्रॅक्टरवाल्यांना फार. गिअर पडलेला राहिला तर यंत्र चालू होतं ते थेट पाना धरणाऱ्याच्या अंगावरून जातं. अशी माणसं मेलेली आहेत.

नव्वदीनंतर खोरं बदललं. पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला संगणकवाले, मग जमिनींना भाव. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली आणि जमिनीचा पहिला व्यवहार झालेल्या घरासमोर ती उभी राहू लागली. काही घरांसमोर पुढे तीच तेवढी राहिली. गाड्या नव्या, सेल्फ लहान. आता आत गुंडाळीच्या जागी कायमचे चुंबक आणि वेग कमी करणारे गिअर आले. सेल्फ निम्म्या वजनाचा झाला आणि काम चांगलं करू लागला, हे कबूल केलं पाहिजे. पण जुन्या सवयीनं हातोडीची टपली मारली की चुंबकाचा टवका उडतो आणि धडधाकट मोटर खरोखर मरते. चांगल्या चांगल्या मिस्त्रींनी अशा मोटरी मारल्या. शिवाय आता उघडून दुरुस्त करायला कुणी थांबत नाही; अख्खा सेल्फ बदलतात. रिवाइंडिंग करणारे नाना पेठेतही शोधावे लागतात.

तक्रारींची जातही बदलली. फोन येतो, “सेल्फ घेत नाही.” मी विचारतो, क्लच पूर्ण दाबलाय का? ब्रेकवर पाय आहे का? निम्म्या नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फला वीजच सोडत नाहीत. पायाखालची चटई गोळा झालेली असली तरी पेडल तळाला जात नाही. भात कापणी झाली की उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी मला पुढचा हंगाम दिला. आणि पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालणारे पर्यटक: इंजिनात पाणी गेलं, सेल्फ ‘ठक्’ करून थांबला, तरी मारत राहतात. पाणी दाबलं जात नाही. फिरलंच तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सेल्फ न फिरणं हेच नशीब समजावं.

अलीकडच्या काही गाड्यांत सेल्फ आणि अल्टरनेटर एकाच यंत्रात असतात. पट्ट्यावर बसलेलं ते यंत्र इंजिन फिरवतंही आणि बॅटरी भरतंही. दुकानात येणारी इंजिनिअरिंगची मुलं हे नवलानं दाखवतात. केटरिंगचं १९१२ चं यंत्र असंच होतं: सुरू करताना चोवीस व्होल्टची मोटर, सुरू झाल्यावर सहा व्होल्टचं जनित्र. मधल्या काळात दोघं वेगळे निघाले, आता पुन्हा एकत्र नांदायला लागले.

गेल्या पावसाळ्यात धरणाजवळच्या एका रिसॉर्टवरून बोलावणं आलं. पुण्याचं जोडपं, विजेवर चालणारी गाडी, दारं उघडेनात, पडदा काळा. पोटातली मोठी बॅटरी भरलेली होती, पण तिचा संपर्क जोडणारे रिले चालतात ते बारा व्होल्टच्या लहान बॅटरीवर, आणि ती बसली होती. दार रिमोटच्या आतल्या साध्या किल्लीनं उघडलं, बॉनेटखाली जंपर लावला, पडदा उजळला. त्या गृहस्थांनी विचारलं, “काका, सेल्फ गेला होता का?” म्हटलं, या गाडीला सेल्फच नसतो. माझं बिलबुक जुनं, त्यावर कामाच्या रकान्यात ‘सेल्फ / डायनमो’ एवढंच छापलेलं. त्यातला ‘डायनमो’ खोडला आणि पावती दिली.